मांजरांसकट बिऱ्हाड

खांबेटे काका मांजरांना ‘अहो’ म्हणत. बायकोला ‘अगं’, आम्हा शेजाऱ्यांना ‘अरे’ नाहीतर ‘अगं’, आणि मांजरांना मात्र ‘अहो’. शुभाकाकू जुन्या वळणाच्या, त्या नवऱ्याला ‘अहो’ म्हणत. त्यामुळे त्यांच्या दारावरून जाताना “अहो, चला, वाढलंय,” असं ऐकू आलं, की हाक नवऱ्याला आहे की मांजराला, हे आवाज कुणाचा आहे त्यावरून ठरवावं लागे. काकू म्हणत, “या घरात मान फक्त दोघांना आहे आणि त्या दोघांनाही शेपूट आहे.”

काका गेले तेव्हा त्यांच्या मुलाने टोरांटोहून येऊन सगळं नीट केलं. भेटायला आलेल्यांत सिंगापूरच्या आमच्या ब्लॉकमधले चिनी, मलय, तमिळ असे कितीतरी म्हातारे होते. मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, “बाबांची इतक्या लोकांशी ओळख कशी काय? बुकित तिमाहच्या जुन्या घरी इतकी वर्षं राहिलो, पण शेजारच्यांची नावंसुद्धा आम्हाला माहीत नव्हती.” त्याला तेव्हा थोडक्यात काय सांगणार? मांजरांमुळे, एवढंच म्हणाले.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तो शनिवार होता. मी बाजारातून पिशव्या घेऊन येत होते. चोआ चू कांगच्या आमच्या ब्लॉकखाली सामानाचा ट्रक उभा होता आणि तळमजल्यावरच्या दगडी टेबलापाशी एक उंच, सडपातळ गृहस्थ इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. पुढ्यात मांजरं न्यायच्या दोन पेट्या. ते पेटीच्या जाळीशी तोंड नेऊन शांतपणे सांगत होते, “आता आपण लिफ्टने वर जाणार आहोत. दार बंद होताना आवाज होईल. घाबरण्याचं कारण नाही.”

मराठी ऐकून मी थांबले. मी नाव सांगितल्यावर ते उठून उभे राहिले आणि त्यांनी रीतसर ओळख करून दिली. आधी स्वतःची, मग ट्रकवाल्याशी हुज्जत घालत असलेल्या काकूंची, मग पेट्यांतल्या मंडळींची. “हे मामलेदार. हे जमादार.” मामलेदार म्हणजे एक अवाढव्य तांबडा बोका, जो कुणासाठीही उठत नसे. जमादार काळापांढरा, हडकुळा, सतत गस्तीवर. ही नावं का, तर काकांचे आजोबा मामलेदार कचेरीत शिपाई होते आणि आयुष्यभर साहेबांना दार उघडून द्यायचं काम त्यांच्या वाट्याला आलं होतं. काका म्हणत, “घराण्याची परंपरा आहे. मीही दार उघडून देतो.”

काका एका बँकेत जोखीम बघण्याच्या खात्यात होते. कर्ज देण्याआधी काय काय बिघडू शकतं याचा विचार करायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावरही ती खोड गेली नव्हती. आमच्या घरी पहिल्यांदा चहाला आले तेव्हा त्यांनी खुर्ची हलवून पाहिली, मग बसले. लिफ्टमधल्या सगळ्या सूचना ते वाचत. ब्लॉकखालच्या फलकावर नवीन कागद लागला की चष्मा पुढे-मागे करत तोही शेवटपर्यंत वाचत. आणि कुणी काही नवीन सुचवलं, की त्यांचा एकच प्रश्न असे, “नियमात बसतं का?”

नियमांवरची ही श्रद्धा भाबडी नव्हती. ते म्हणत, “परक्या देशात माणसाला सगळ्यात जास्त आधार नियमांचा असतो. माणसं आपली व्हायला वेळ लागतो, नियम पहिल्या दिवसापासून आपले असतात.”

खरं तर काकांना सिंगापुरात राहायचंच नव्हतं. निवृत्त झालो की पुण्याला जायचं, हे त्यांनी कित्येक वर्षांपासून ठरवलेलं होतं. कोथरूडला त्यांचा जुना फ्लॅट होता, तो पुनर्विकासाला गेला होता आणि तिथे नवी इमारत उभी राहत होती. काकूंना मात्र पुण्याला जायचं नव्हतं. त्यांच्या मैत्रिणी इथे, गुडघ्यांचे डॉक्टर इथे, रविवारच्या मराठी वर्गात शिकवलेली मुलं इथे. त्या म्हणत, “मी सोडून आले ते पुणं आता तिथे नाहीये. मी कुठल्या पुण्यात जाऊ?” शेवटी तोड निघाली ती अशी, की बुकित तिमाहचा मोठा खाजगी कॉन्डो विकायचा, इथे सरकारी ब्लॉकमधला छोटा फ्लॅट घ्यायचा आणि कोथरूडचं घर तयार होईपर्यंत तिथे राहायचं. सरकारी फ्लॅटमध्ये मांजरं पाळायला बंदी होती ती नुकतीच उठली होती. आता दोन मांजरं चालत होती, परवाना काढून. काकांची दोनच होती. नियमात बसत होतं.

‘तयार होईपर्यंत’ हे शब्द काकांनी फार मनावर घेतले. सामानाची अर्धी खोकी त्यांनी उघडलीच नाहीत. भिंतीशी रचून ठेवली. दोन ताटं, दोन वाट्या, एक कुकर, एवढ्यावर संसार सुरू झाला. काकूंना खलबत्ता हवा असे आणि तो कुठल्यातरी खोक्याच्या तळाशी असे. त्या आमच्याकडे येऊन दाणे कुटून नेत आणि म्हणत, “आम्ही स्टेशनवर बसलोय गं मेधा. गाडी लागली की जाणार.” त्या खोक्यांच्या डोंगरावर सगळ्यात वर मामलेदार बसलेले असत.

परवाना हवा तर खिडक्यांना जाळी हवी, मांजर खाली पडू नये म्हणून. माणूस बोलावून हे काम एका सकाळीत झालं असतं. पण काकांना ते स्वतः करायचं होतं. आयुष्यात त्यांनी हातोडी धरली नव्हती. त्यांनी दुकानातून पट्ट्या, जाळी, खिळे, गोंद सगळं आणलं, मापं घेतली, पुन्हा घेतली, आणि आठवडाभर खपून जाळी बसवली. आम्हाला बघायला बोलावलं. माझी मुलगी इरा आणि मी गेलो. काका जाळीची मजबुती समजावून सांगत होते, तेवढ्यात मामलेदार सावकाश खोक्यांवरून उतरले, खिडकीत गेले आणि जाळीला नुसतं अंग घासलं. सगळी चौकट बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये पडली. तिच्यावरून चालत मामलेदार बाहेर गेले आणि शेजारणीच्या चपलांच्या मांडणीवर जाऊन झोपले.

काकू इतक्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. काका हसले नाहीत. त्यांनी चौकट उचलली, उलटीसुलटी करून पाहिली आणि इराला म्हणाले, “पहिली चाचणी अपेक्षेप्रमाणे अयशस्वी.” इरा म्हणाली, “अंकल, टू थिन लाह, युअर फ्रेम.” ते त्यांना पटलं. त्यांनी जाड पट्ट्या आणल्या. दुसरी जाळी आजही तिथे आहे.

ज्या मांडणीवर मामलेदार झोपले होते, ती लिम आंटीची. त्या आमच्या मजल्यावर सगळ्यांच्या आधीपासून राहत होत्या, एकट्याच. मी इतकी वर्षं त्यांची शेजारीण, पण त्यांच्या घराचं दार मी कधी पुरतं उघडलेलं पाहिलं नव्हतं. खिडकीला सदैव जाड पडदा. बाहेर जाताना त्या दार एवढंसं उघडून अंग चोरून बाहेर येत आणि पटकन कुलूप लावत. आम्हाला वाटे, विक्षिप्त आहेत.

काका जमादारांना पट्टा बांधून रोज संध्याकाळी कॉरिडॉरमध्ये फिरवत. जमादार लिम आंटीच्या दाराशी आले की तिथून हलेनात. दाराच्या फटीला नाक लावून बसत आणि गळा काढून ओरडत. एक दिवस आतून तसाच आवाज आला. लगेच आतला टीव्ही मोठा झाला.

काकांच्या ते लक्षात आलं. त्यांनी दार वाजवलं नाही. काकूंशिवाय कुणाला काही बोललेही नाहीत. मला हे सगळं काकूंनी नंतर सांगितलं. मी पाहिलं होतं ते इतकंच, की काका रोज संध्याकाळी लिम आंटीच्या बंद खिडकीसमोर जमादारांना कडेवर घेऊन उभे राहतात आणि त्यांच्याशी चक्क इंग्रजीत, मोठ्या आवाजात बोलतात. एरवी जमादारांशी ते मराठीशिवाय बोलत नसत. मला वाटलं, काकांचं वय झालं. ते जमादारांना सांगत होते, की आता नियम बदलला आहे, एका घरात दोन मांजरं चालतात, कुणी घर काढून घेणार नाही, कुणी दंड करणार नाही, फक्त परवाना काढायचा, आणि तो कसा काढायचा हे मला माहीत आहे. जमादार जांभया देत. रोज तेच भाषण, रोज तोच श्रोता.

काही दिवसांनी एका संध्याकाळी पडद्याची कड सरकली आणि खिडकीच्या काचेच्या पट्ट्या थोड्या तिरप्या झाल्या. आतून आवाज आला, “अंकल, ट्रू ऑर नॉट?”

“ट्रू,” काका म्हणाले. “मी स्वतः वाचलंय.”

आतल्या मांजरीचं नाव आ बुई, म्हणजे जाडी. बाजाराजवळच्या गटारातून लिम आंटींनी तिला पिल्लू असताना उचलून आणलं होतं. तेव्हापासून ती त्या दोन खोल्यांतच होती. घर हातचं जाईल या भीतीने आंटींनी कुणाला आत येऊ दिलं नव्हतं. गॅसवाला आला की मांजर कपाटात. बहिणीच्या मुलालाही त्या खालीच भेटत. नियम बदलल्याचं त्यांनी टीव्हीवर ऐकलं होतं, पण विश्वास बसत नव्हता. आपल्याला बाहेर काढण्याची ही युक्ती असेल, असं त्यांना वाटत होतं.

काकांनी त्यांचा परवाना काढून दिला. त्यांच्या खिडकीलाही जाळी केली. ती लावून झाल्यावर त्यांनी आंटींना सांगितलं, की आता पडदा उघडायला हरकत नाही. आंटी पुढे झाल्या, पण त्यांचा हात पडद्याला लागेना. काका जिना उतरून खाली गेले, कोपी म्हणजे इथली कॉफी घेतली, सावकाश परत आले. तोवर पडदा उघडा होता आणि खिडकीत एक पांढरी, गुबगुबीत मांजर डोळे बारीक करून रस्त्यावरच्या बसकडे बघत होती. आंटी तिच्या मागे उभ्या होत्या. काकूंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांचा स्वर बदलला होता. “मेधा, आमचं लग्न झालं तेव्हापासून हा माणूस मला रुक्ष वाटत होता,” असं म्हणून त्या दाणे कुटायला लागल्या.

मग ब्लॉकमध्ये बातमी पसरली. असे लपवलेले प्राणी आमच्या अवतीभवती किती होते, ते तेव्हा कळलं. कुणी निवृत्त टॅक्सीवाला, कुणी विधवा मलय बाई, कुणी भांडकुदळ भावंडं, सगळे काकांकडे येऊ लागले. काका जाळ्या करून देत. त्यांना सगळे ‘मेश अंकल’, म्हणजे जाळीवाले काका, म्हणत. हे नाव त्यांना बँकेतल्या हुद्द्यापेक्षा आवडे, पण कबूल करत नसत. ते एवढंच म्हणत, “लोकांच्या घरात शिरायला कारण लागतं. मला मिळालं.”

लिम आंटींशी त्यांची चांगलीच गट्टी जमली. आंटींनी त्यांना हॉकिएन ही आपली चिनी बोली शिकवायला घेतली. ‘जेवलात का’ याला हॉकिएनमध्ये ‘जिआक पा ब्वे’ म्हणतात. काका ते ‘ज्याक पा बुवा’ असं म्हणत, अगदी कीर्तनकाराला हाक मारल्यासारखं. आंटी तोंडावर हात ठेवून हसत आणि पुन्हा म्हणायला लावत. आ बुईला काका ‘बुईबाई’ म्हणू लागले.

एके दिवशी आंटी न्हाणीघरात घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलमध्ये त्यांना कुणाला कळवायचं असं विचारलं तर त्यांनी बहिणीच्या मुलाआधी काकांचा नंबर सांगितला. घराची किल्ली काकांकडे दिली.

आता बुईबाईंचं काय करायचं, हा प्रश्न आला. आमच्यातल्या कुणीही म्हटलं असतं, आणा इकडे, थोड्या दिवसांचा प्रश्न. मी तसं म्हणालेही. काका म्हणाले, “माझ्या घरात दोनच चालतात.”

“कोण बघायला येतंय काका?”

“तेच आंटी इतकी वर्षं स्वतःला सांगत होत्या,” काका म्हणाले. “आणि पडदा लावून बसल्या होत्या. मी त्यांना सांगितलंय, नियम पाळला की भीती राहत नाही. आता मीच मोडू?”

मला तेव्हा ते हटवादीपणाचं वाटलं. पण काकांनी नियमातून वाट काढली होती. तिसरं मांजर त्यांच्या घरात चालत नव्हतं. पण माणसाने किती वेळ दुसऱ्याच्या घरात बसावं, याबद्दल कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. म्हणून ते रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, वर्तमानपत्र घेऊन लिम आंटीच्या घरी जात आणि दिवस तिथेच काढत. बुईबाई पहिले काही दिवस कपाटाखालून बाहेर आल्या नाहीत. काका लांब खुर्चीत बसून त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत, भाषांतर करून.

काकू आधी हसल्या. मग चिडल्या. “या वयात नवऱ्याने दुसऱ्या घरी दिवस घालवायला सुरुवात केलीय,” असं त्या मला हसतच सांगत, पण हसू पुरतं खरं नव्हतं. मग एक दिवस त्या चहाचा थर्मास घेऊन तिकडे गेल्या आणि दुपारपर्यंत परतल्याच नाहीत. त्यानंतर दोघं तिथेच चहा घेत. सुट्टीच्या दिवशी मीही जाऊन बसे.

तिथे बसून काका जे बोलले, ते स्वतःच्या घरात कधी बोलले नसावेत. एकदा पासपोर्टचा विषय निघाला. इथलं नागरिकत्व घेताना भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो. काकांनी तो केला होता, मुलाच्या शिक्षणाच्या वेळी. ते म्हणाले, “खिडकीपलीकडच्या बाईने तो घेतला, शिक्का मारला आणि ‘नेक्स्ट’ म्हणाली. मी बाहेर आलो. मला असं वाटलं, की कुणाच्या तरी घरी राहायला होतो आणि निरोप न घेताच निघालो. पुण्याला जायचं ते त्यासाठी. नीट निरोप घ्यायला.”

काकूंनी थर्मासमधला उरलेला चहा त्यांच्या कपात ओतला. बुईबाई कपाटाखालून अर्ध्या बाहेर येऊन ऐकत होत्या.

त्याच सुमारास कोथरूडचा फ्लॅट तयार झाल्याचा फोन आला. ताबा घ्यायला कधी येता, असं बिल्डरच्या माणसाने विचारलं. काका ज्याची वाट पाहत होते तो हा फोन. काकूंनी मनाची तयारी केली. ठरलं होतं ते ठरलं होतं, त्या शब्द फिरवणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी मैत्रिणींना सांगायलाही सुरुवात केली. काका मात्र एकटेच आठवडाभर पुण्याला जाऊन आले. घर छान झालं होतं. मोठ्या खिडक्या, चांगला उजेड. त्यांनी ताबा घेतला. गल्लीत हिंडले, जुन्या शाळेवरून गेले, भावाकडे जेवले. परत आले त्या संध्याकाळी ते बॅग न उघडताच आधी लिम आंटीच्या घरात बुईबाईंना बघायला गेले. तिथून आल्यावर काकूंना म्हणाले, “शुभा, मला वाटतं ते घर आपण भाड्याने देऊ.”

काकूंनी कारण विचारलं.

“विमानात मामलेदारांना सामानाबरोबर ठेवतात. ते त्यांना चालणार नाही.”

काकूंनी हे मला दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं सांगितलं. मी म्हटलं, “तुम्ही काय म्हणालात?” त्या म्हणाल्या, “काय म्हणणार? मांजराच्या पाठीआड लपलेल्या माणसाला ओढून बाहेर काढायचं का? मी मामलेदाराला खाली उतरवलं आणि वरचं खोकं उघडलं.” खलबत्ता शेवटच्या खोक्यात निघाला. त्या दिवशी त्यांनी दाण्याचं कूट आमच्याकडे पाठवलं.

लिम आंटी मात्र परतल्या नाहीत. हाड जुळलं, पण त्यांना एकटीने राहता येईना. बहिणीच्या मुलाने त्यांची नर्सिंग होममध्ये सोय केली आणि घर रिकामं करायला घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्याच्या घरी लहान बाळ होतं, त्यामुळे मांजर कुठल्यातरी संस्थेत द्यायचं त्याने ठरवलं होतं. शनिवारपर्यंत किल्ली परत करायची होती.

गुरुवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात काका. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बुटांना पॉलिश, मुलाखतीला आल्यासारखे. या माणसाने कधी कुणाकडे वाटीभर साखरही मागितली नव्हती. आमच्याकडे मागायचं असेल तेव्हा काकू यायच्या. ते आत आले, खुर्ची न हलवता बसले आणि बोलायला सुरुवात करून थांबले. पुन्हा सुरुवात केली.

“मेधा, मला तुझ्याकडे एक मागायचंय. नाही म्हणालीस तरी चालेल. मी नाराज होणार नाही, पण मला दुसरं कुणी नाही.”

इरा आतून ऐकत होती. मी काही म्हणायच्या आत ती बाहेर येऊन म्हणाली, “कॅन, अंकल. शी कॅन स्टे विथ मी.” माझा नवरा सोफ्यावरून फक्त मान हलवून मोकळा झाला. काका उठून उभे राहिले, इराला हात जोडून नमस्कार केला आणि लगबगीने निघून गेले. थोड्या वेळाने काकू आल्या. म्हणाल्या, “घरी येऊन तोंड धुतायत. बराच वेळ झाला.”

बुईबाई आमच्या झाल्या. काका रोज येत, पण बेल वाजवून, आणि पाच मिनिटांच्या वर थांबत नसत. लोकांच्या घरात शिरायला कारण लागतं, हे ते स्वतःलाही लागू करत.

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत. काकांना हृदयाचा त्रास आहे हे काकूंना ठाऊक होतं, आम्हाला नव्हतं. ते गेले तेव्हा सकाळची वेळ होती. काकू चहा गाळत होत्या आणि ते जमादारांचा पट्टा शोधत होते. एवढंच. काकू आता तिथेच राहतात, मामलेदार आणि जमादार यांच्यासह. मुलाने टोरांटोला चला म्हणून खूप आग्रह केला. त्यांनी नाही म्हणून सांगितलं. आमच्या मजल्यावरची माणसं आळीपाळीने त्यांच्याकडे डोकावतात.

मी काकांना नीट असं शेवटचं पाहिलं ते त्यांच्या मृत्यूच्या थोडं आधीच्या रविवारी. लिम आंटीच्या नर्सिंग होममध्ये प्राण्यांना आत नेता येत नव्हतं. काकांनी विचारून खात्री करून घेतली होती. पण आवाराच्या कुंपणाबाहेरचा फूटपाथ सगळ्यांचा होता, हेही त्यांनी पाहून ठेवलं होतं. त्यांनी आतल्या परिचारिकेशी बोलून वेळ ठरवली. मांजर चालणारी टॅक्सी बोलावली. आणि मला म्हणाले, मांजर आता तुझ्या नावावर आहे, तेव्हा तू हजर असायला हवीस.

आम्ही गेलो तेव्हा लिम आंटीची चाकाची खुर्ची कुंपणाच्या गजांना लावून ठेवलेली होती. त्या फार बारीक झाल्या होत्या. काकांनी आधी पेटी हातात उंच धरून पाहिली, पण आंटींना ती दिसेना. मग ते सरळ फूटपाथवर मांडी घालून बसले आणि पेटीचं दार गजांच्या बाजूला उघडलं. सकाळी पाऊस पडून गेला होता, फरशा ओल्या होत्या. काकू म्हणाल्या, “अहो, पँट.” त्यांनी ऐकलं नाही.

बुईबाई बाहेर येईनात. पेटीत पाठ फिरवून बसल्या. रुसल्या होत्या की घाबरल्या होत्या, कोण जाणे. आंटी गजांतून हात घालून हळू आवाजात काहीतरी म्हणत राहिल्या. आम्हाला एक शब्द कळत नव्हता. काका पेटीला एका हाताने आधार देऊन बसले होते आणि तोंड दुसरीकडे, रस्त्याकडे फिरवून ठेवलं होतं, दोघींच्या बोलण्यात आपण नको म्हणून. मग पेटीत हालचाल झाली. बुईबाई बाहेर आल्या, गजांशी उभ्या राहिल्या आणि आंटीच्या हाताला कपाळ लावून तशाच थांबल्या. आंटींनी हात काढला नाही.

तेवढ्यात परतीची टॅक्सी आली. आमच्या मागे येऊन उभी राहिली. ड्रायव्हर वयस्क मलय होता. त्याने काच खाली करून आमचं बुकिंग आहे का विचारलं. काका कुणाला ताटकळत ठेवणाऱ्यातले नव्हते. पण ते उठले नाहीत. बसल्या जागेवरून त्यांनी मान वळवली आणि म्हणाले, की आम्हाला थोडा वेळ लागेल, तुम्हाला थांबता येत नसेल तर जा, आमची काही तक्रार नाही.

ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलं, गजांपलीकडे पाहिलं. मग त्याने इंजिन बंद केलं.